गॅस वरच जातो म्हणे

कोपरगाव
ता. ६ जून १९७१

वहिनी,

एक नमस्कार दादाला, एक आईला, उरलेले सगळे तुम्हाला. मागचं पत्र टेम्पोच्या क्लीनरनं लिहिलं होतं, हे फुगेवाल्यानं लिहिलेलं आहे असं समजा. टेम्पोवाल्याचं आणि माझं राहुरीला वाजलं. चूक त्याचीच होती, पण ते सांगत बसलो तर कागद तिथंच संपेल.

इथं उत्तमराव म्हणून एक भेटला. नावात राव आणि पायात टायरची चप्पल. बाजारोबाजार गॅसचे फुगे विकतो. सायकलच्या मागं लोखंडी टाकी, त्यात कसली तरी पूड टाकतो, पाणी ओततो, झाकण आवळतो, की आत गॅस तयार. टाकी अशी तापते की तिच्यावर भाकरी भाजावी. मी फक्त दोरे बांधतो आणि ओरडतो. परवा एका पोराच्या हातून तांबडा फुगा सुटला. पोरगं भोकाड पसरून रडतंय, त्याची आई मला शिव्या देतीय, आणि मी मान वर करून बघतोय, बघतोय. ठिपका झाला, मग तोही नाही. मान अवघडली, वहिनी, पण फुगा गेला कुठं हे काही डोक्यातून जाईना.

इथल्या हायस्कुलात गाडे सर विज्ञान शिकवतात. पोरीसाठी फुगा घ्यायला आले तेव्हा त्यांना धरलं. म्हटलं, "सर, हा गॅस शेवटी जातो कुठं?"

ते म्हणाले, "फुगा वर जाऊन फुटतो. आतला गॅस पसरतो. गॅस म्हणजे बारीक बारीक कण. एक कण एका जागी थांबत नाही. बंदुकीच्या गोळीसारखा धावतो."

"कुठवर धावतो?"

"भांडं असेल तर भांडंभर. भांडंच नसेल तर त्याला हद्द कुठली?"

मी म्हटलं, "मग चंद्रावर माणसं गेली, त्या वाटेवरही गॅस आहे?"

ते हसले. म्हणाले, तिथं अगदी निर्वात नाही, पण जवळजवळ तसंच. आपल्याकडे चिमूटभर जागेत इतके कण असतात की मोजायला जन्म पुरायचा नाही, आणि तिकडे तेवढ्याच जागेत पाच-दहा. भटकत असतात बिचारे. मला एकदम माझीच आठवण झाली. सर पुढं काही तरी सांगत होते, "पण एक लक्षात ठेव, धावतो म्हणजे पोचतोच असं नाही," असं काहीसं. तेवढ्यात उत्तमरावनं हाक मारली, शिर्डीला जाणारा ट्रक सुटत होता. मी टाकी उचलून पळालो.

तुम्ही मॅट्रिक झालेल्या. तुम्हाला हे कण ठाऊक होते का? मग मला इतके दिवस का नाही सांगितलं?

भटका कण,
गोरक्ष

---

तिसगाव
ता. १२ जून १९७१

गोरक्षभाऊजी,

पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. फुग्यांचं ऐकून आई म्हणाल्या, "फुगं इकतोय? बरं झालं, निदान आत काय न्हाई हे गिऱ्हाइकाला दिसतं तरी." तुमचे दादा हसले नाहीत, पण मिशी हलली. कण आम्हाला शाळेत होते. तुम्ही नववीत वहीवर रेल्वे काढत बसलात म्हणून राहिले.

आता इकडचं. नव्या विहिरीला काळा खडक लागला. दादा आणि वस्तीवरचा कचरू, दोघं सुरुंग लावतात. कचरूला तुम्ही ओळखता, पहार उचलली की गाणं म्हणणारा. पाऊस यायच्या आत एवढा थर फुटला तर खाली पाणी आहे, नाहीतर सगळं पुढच्या उन्हाळ्यावर जातं. म्हणून दोघांनाही घाई.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. सुरुंग उडाला की दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायचं. लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून विहिरीत खालीवर, खालीवर हलवायचा. मग कंदील सोडायचा. कंदील तळाशी जळत राहिला तर माणूस उतरायचा. तर हल्ली कंदील तळाशी गेला की विझतो. सकाळीसुद्धा. गावातले जाणते भानुदासतात्या म्हणाले, विहिरीत पाण्याच्या देवी आहेत, साती आसरा, त्यांना हिरवा खण नि नारळ वाहिल्याशिवाय उतरू नका. आई खण आणायला निघाल्यासुद्धा.

कचरू खो खो हसला. म्हणाला, "तात्या, आमी छप्पन साली देव सोडले तवाच तुमच्या आसराबी सोडल्या. त्या कशाला माझा कंदील फुकतील? ह्येच्यात दुसरंच कायतरी हाय. गोरक्ष शिकल्याल्या मानसांत फिरतोय, त्याला इचारा." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, लिवा त्याला. माझ्या नावानं लिवा."

म्हणून लिहिते. तुमच्या सरांना नीट विचारा. कंदील कशानं विझतो, आणि सुरुंगानंतर किती वेळ थांबलं म्हणजे उतरावं. फुगे बाजूला ठेवून विचारा. खाली उतरणारा तुमचा भाऊ आहे.

मी बरी आहे. दर दुसऱ्या गुरुवारी पाथर्डीला दवाखान्यात जावं लागतं. एसटीत बसायला जागा मिळते, पोट बघून लोक उठतात.

पुष्पावती

---

कोपरगाव
ता. १८ जून १९७१

वहिनी,

सरांकडे गेलो होतो. म्हणजे निघालो होतो. वाटेत गोदावरीच्या घाटावर एक दरवेशी अस्वल घेऊन आलेला. ते अस्वल बिडी ओढतं, वहिनी! खोटं नाही, दोन पायांवर उभं राहून, धूर नाकातून. ते बघून सरांकडे पोचेपर्यंत घराला कुलूप. लग्नाला गेले म्हणे, येवल्याकडे.

पण सरांना विचारायची गरजच काय? आता हा गॅसचा धंदा मीच करतोय. मी सांगतो, कचरूला शब्दाला शब्द वाचून दाखवा.

गॅसचा कण बंदुकीच्या गोळीसारखा धावतो. हे सरांचंच बोलणं आहे. दुसरं, गॅस वरच जातो. हे मी रोज डोळ्यांनी बघतो, दोरा सुटला की संपलं. तिसरं, भांडं उघडं असेल तर त्याला कोण अडवणार? विहिरीला झाकण आहे का? नाही. मग सुरुंगाचा गॅस रात्रभर तिथं काय करत बसेल, अभंग म्हणत? तासाभरात सगळा आभाळात, आणि तिथून पुढं त्या चंद्राच्या वाटेवर. कंदील विझतो तो कणांच्या धावाधावीनं. एवढे कण गोळीसारखे पळतात म्हटल्यावर वारा सुटणारच. बायका पदर आडवा धरून दिवा नेतात तसं कंदिलाला आडोसा करा.

दादाला म्हणावं, तासभर बस झाला. उगाच सकाळची वाट बघून दिवस घालवू नका. आसरा-बिसरा काही नाहीत. आईला खण घ्यायचाच असेल तर तुमच्यासाठी घ्यावा.

दादाला म्हणावं, गोरक्ष कधीतरी कामाला आला.

गोरक्ष

---

तिसगाव
ता. २६ जून १९७१

गोरक्षभाऊजी,

तुमचं पत्र विहिरीवर वाचलं. कामावरचे सगळे, भानुदासतात्या, आई, सगळे दगडांवर बसले होते, आणि मी उभी राहून कीर्तनकारासारखी वाचत होते. अस्वलाचा मजकूर गाळला.

सगळ्यांत आनंद कुणाला झाला म्हणाल तर कचरूला. मांडीवर थाप मारून म्हणाला, "बगा! हवाच हाय, हवा! म्या म्हनलं न्हवतं?" तात्या उठून गेले. कचरूनं ते वाक्य घरीसुद्धा नेलं. त्याची बायको लंकाबाई सांगत होती, जेवताना लेकीला शिकवत होता, गॅसचा कण गोळीवानी पळतो. लंकाबाई म्हणाली, "आता रोज रातीला ह्योच पाढा."

तेव्हापासून तासाभरानं उतरतात. काम दुपटीनं चाललंय. वारा सुटलाय, पाऊस नाही नुसता वाराच, त्यामुळे धूरही लवकर जातो. दादा खूश आहेत. काल जेवताना स्वतःहून म्हणाले, "पोराला अक्कल हाय, नुसती बूड टेकत न्हाई." एवढं बोलले म्हणजे पुष्कळ.

एक शंका आहे. आडोसा करूनही कंदील विझतो. काचेच्या आतली वात वाऱ्यानं कशी विझेल? दादा म्हणाले, गोरक्षनं सांगितलंय ना. पण तुम्ही सरांना एकदा विचाराच. घरी आले असतील.

पुष्पावती

---

कोपरगाव
ता. १४ जुलै १९७१

वहिनी,

हे पत्र हातात पडेल त्याच्या आधी तार पोचली असेल. पोचली असेल ना? पोस्टातल्या माणसाला तीनदा विचारलं, तो चिडला. घाईत लिहितोय, अक्षर लावून घ्या.

महिन्याच्या सुरुवातीला उत्तमरावच्या मेव्हण्याच्या हॉटेलात रेडिओ लागला होता. रशियाचे तिघं आभाळात गेले होते, तीन आठवडे राहिले आणि परत उतरले. उतरले अगदी ठीक, छत्रीनं, जिथं उतरायचं तिथंच. लोक धावत गेले, दार उघडलं, तर तिघंही आपापल्या जागेवर बसलेले आणि मेलेले. जखम नाही, ओरखडा नाही. हॉटेलात कुणी चहा पिईना. मी तर दोन दिवस फुगा हातात धरायला भ्यायलो. आणि मग, तुम्ही मला ओळखता, बाजार आले, विसरलो.

काल पेपरात कारण आलं. सरांच्या ओट्यावर बसून त्यांनीच वाचून दाखवलं. येताना त्यांच्या डब्याची एक बारीकशी झडप उघडली आणि आतली हवा बाहेर निघून गेली. बस, एवढंच.

मी म्हटलं, "सर, एवढ्याशा भोकातनं?"

ते म्हणाले, "बाहेर पोकळी. कणाच्या वाटेत आडवं यायला कुणी नाही. जो निघाला तो गेला. श्वास घ्यायला उरलंच नाही काही."

मी हुशारीनं म्हटलं, "म्हणजे आमच्या विहिरीतला गॅस तासाभरात जातो तसंच."

सरांनी चष्मा काढला. "कुठली विहीर?"

मी सांगितलं. वहिनी, सर उभे राहिले. मला म्हणाले, "अरे, त्या दिवशी मी सांगत होतो तेव्हा तू पळालास! मढीच्या जत्रेत गेलायस कधी? गर्दीत धावून बघ. जोर असेल घोड्याचा, पण पाऊल टाकलं की माणूस आडवा, पुन्हा पाऊल, पुन्हा माणूस. संध्याकाळपर्यंत तिथंच. आपल्याकडे हवेत कणांची तशी दाटी आहे. तो गोळीसारखा धावतो आणि क्षणाक्षणाला धडकतो. खोल, अरुंद विहिरीतून वर यायला त्याला दिवसचे दिवस लागतात. तिकडे पोकळी म्हणून हवा पळाली, इकडे दाटी म्हणून ती हलत नाही."

"पण गॅस वरच जातो ना, सर? फुगा..."

"तुझ्या फुग्यातला गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून जातो. कंदील विझवणारी हवा जड असते. रांजणाच्या तळाशी पाणी साचतं तशी ती तळाशी बसते, दिसत नाही, वास नाही. कंदील जिथं विझतो तिथं माणूसही विझतो."

कंदील जिथं विझतो तिथं. तुम्ही लिहिलं होतंत, आडोसा करूनही विझतो. ते पत्र माझ्या पिशवीत होतं, वहिनी, दोन आठवडे. मी सरांकडे गेलो नव्हतो.

सर पोस्टात माझ्याबरोबर आले. इथं तार इंग्रजी अक्षरांतच घेतात, ती त्यांनीच लिहिली. विहिरीत कुणी उतरू नका, कंदील विझतो तिथं माणूस मरतो, गोरक्ष. एवढं.

दादाला बाहेर काढा. कचरूला बाहेर काढा. मला दोन ओळी लिहा. वारा होता म्हणून आजवर निभावलं असेल असं सर म्हणतात. वारा अजून आहे ना?

गोरक्ष

---

(कार्ड)

तिसगाव
ता. १६ जुलै १९७१

गोरक्षभाऊजी,
तार काल पोचली. तुमचे दादा सुखरूप आहेत. विहिरीचं काम बंद आहे. तुम्ही निघून या.
पुष्पावती

---

कोपरगाव
ता. २० जुलै १९७१

वहिनी,

कार्ड मिळालं! सुखरूप हा शब्द एवढा सुंदर आहे हे मला माहीत नव्हतं. पोस्टाच्या पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. पोस्टमन म्हणाला, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, म्हणून तर रडतोय. त्याला मी येडा वाटलो असणार. उत्तमरावनं त्या आनंदात दोन फुगे फुकट सोडले.

आपल्याकडे तार म्हटली की काय होतं ते मला मागून आठवलं. शिवारात तारवाला दिसला की बाया आधी गळा काढतात आणि मग विचारतात कोण. तुम्ही घरात होतात म्हणून बरं, नाहीतर आईनं माझे दिवसच घातले असते! माझं बारावं जेवायला मी पोचलो असतो तर काय गंमत आली असती.

कचरूला सांगा, त्याचं चुकलं नव्हतं. हवाच आहे. फक्त जड आहे. बाकी आसरांचं त्यानं बरोबर ओळखलं होतं. आता सरांनी सांगितलेलं सगळं मी त्याला समोर बसून समजावतो, लेकीला शिकवायला त्याला नवा पाढा होईल.

निघून या असं तुम्ही लिहिलंय. येतोच. पण उत्तमरावबरोबर येवल्याचा एक बाजार कबूल केलाय, तो करून नागपंचमीच्या पुढं-मागं येतो. आता घाई कसली?

गोरक्ष

---

तिसगाव
ता. २४ जुलै १९७१

गोरक्षभाऊजी,

घाई आहे. कार्डावर सगळं लिहिलं नाही, कारण कार्ड वाटेत दहा जण वाचतात. आणि दुसरं, मी भ्यायले. वाटलं, खरं कळलं तर तुम्ही उलट्या दिशेची गाडी पकडाल. मी घरात होते म्हणून बरं, असं तुम्ही लिहिलंत. मी घरात नव्हते. गुरुवार होता, मी पाथर्डीला होते.

तारवाला दुपारी आला. सायकल दारात टेकवून "तार" म्हणाला, तेवढ्यावर आईंनी हंबरडा फोडला. "माझा गोरक्ष गेला गं." त्यानं पायरीवरच अंगठा घेतला, कागद आईंच्या मांडीवर ठेवला आणि गेला. इंग्रजी अक्षरं. वाचणार कोण, आणि वाचायचंय कशाला? तार कशाची असते ते सगळ्यांना माहीत आहे. आळीतल्या बाया जमल्या.

तिकडे विहिरीवर नुकताच सुरुंग उडाला होता. तास होत आलेला. तुमचे दादा दोराला हात घालून उतरायच्या तयारीत. कुणीतरी बांधावरून त्यांना हाक दिली, "कानिफनाथ, घरी चल, गोरक्षची तार आली!" त्यांनी दोर सोडला आणि अनवाणी पळाले. बाकीचे गडीही त्यांच्यामागं. कचरूही निघाला होता. पण दादाच त्याला म्हणाले, "तू थांब, सामान बघ."

मी संध्याकाळच्या एसटीनं उतरले तर आपल्या दारात ही गर्दी. दादा भिंतीला डोकं टेकून बसलेले. आईंनी बांगड्या फोडून घ्यायच्या बाकी ठेवल्या होत्या एवढंच, त्या तर आधीच नाहीत. मला वाट करून दिली. मी कागद उचलला, वाचला आणि ओरडले, "अहो, भाऊजी जिवंत आहेत! त्यांनीच केलीय तार!" काय सांगू तुम्हाला. रडणारी तोंडं तशीच हसायला लागली. आई माझ्या गळ्यात पडल्या. कुणी गूळ आणायला धावलं. "लिवलंय काय पन?" असं दादांनी विचारलं तेव्हा कुठं मी ते वाचून दाखवलं. विहिरीत कुणी उतरू नका.

दादांच्या हातात गूळ होता. म्हणाले, "कचरू कुठाय?"

भाऊजी, तो नुसता सामान राखत बसणारा माणूस नव्हता. मालकाच्या घरी दुःख आलंय, निदान फुटलेला दगड तरी पाटीत भरून ठेवू, म्हणून एकटाच उतरला असणार. वर दोर धरायलाही कुणी नाही, आणि त्या दिवशी वाराही पडलेला. कंदील सोडला तो अर्ध्या वाटेत विझला. दादा उडी घ्यायला निघाले, चौघांनी कवळा घालून धरलं. डहाळे हलवले, घागरीवर घागरी पाणी ओतलं. बऱ्याच वेळानं वर काढला. अंगावर ओरखडा नव्हता. तोंडावर रागही नव्हता.

तुमची तार पोचली. तिनं तुमच्या दादांना वाचवलं. पण ती वाचली कुणी नाही.

आता घाई कसली ते सांगते. गाव म्हणतंय, आसरांनी माणूस घेतला. कचरू हसला होता म्हणून. भानुदासतात्या सांगत फिरतायत की लंकाबाईनं विहिरीवर येऊन हिरवा खण वाहावा, नाक घासून नवऱ्याच्या वतीनं माफी मागावी, त्याशिवाय या शिवारात कुठल्याही विहिरीला कुदळ लागणार नाही. आईसुद्धा तेच म्हणतात. मीही बोलून पाहिलं. मला म्हणतात, पोटुशी बाई, तू मध्ये पडू नको. लंकाबाई म्हणते, "आमी देव सोडलेत. माझा नवरा त्या शब्दाला धरून जगला, त्याला मेल्यावर म्या खोटा पाडू?" पण ती एकटी आहे. पदरात लेक आहे, आणि विहिरीच बंद झाल्या तर वस्तीवरच्या सगळ्यांचं काम जातं. वस्तीवरचेही आता हळूहळू तिला म्हणतात, वाहून टाक, काय जातंय.

तुमच्या पत्राचं कुणी नाव काढत नाही. दादा काढू देत नाहीत. तुम्ही आला नाहीत तर तुमचं नाव कधीच निघणार नाही. एवढं समजून घ्या आणि मग ठरवा.

नागपंचमीला माझा भाऊ मला शेवगावला न्यायला येतोय. तुम्ही याल तेव्हा मी नसेन. लंकाबाईच्या दारात तुम्हाला एकट्यानं जावं लागेल.

पुष्पावती

---

तिसगाव
ता. ६ ऑगस्ट १९७१

वहिनी,

तुमची तब्येत कशी आहे हे आधी विचारायला हवं. विचारतो. पण उत्तर यायच्या आधी हे लिहून टाकतो, नाहीतर लिहिणार नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि उलट्या दिशेची गाडी खरंच पकडली होती. मनमाडपर्यंत गेलो. तिथं प्लॅटफॉर्मवर बसून राहिलो. कुठं जायचं ते ठरेना, असं माझ्या जन्मात पहिल्यांदा झालं. मग परत फिरलो. तुम्हाला खोटं कशाला सांगू?

एसटीतून उतरलो तेव्हा पारावरच्या माणसांनी माना वळवल्या. आई दारातच उभी होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, खांद्यावरून, हातावरून, जसं बाजारात बैल बघतात.  दादा विहिरीकडे जात नाही. जेवायला बसतो आणि ताटाकडे बघत राहतो. मी म्हटलं, "दादा, मी लिहिलं होतं." तो म्हणाला, "म्या ऐकलं हुतं. थांब म्हनलो ते म्याच." 

रविवारी विहिरीवर सगळे जमले. तात्यांनी खण-नारळ आणून ठेवला होता. लंकाबाई आली. लेक बोटाला, वस्तीवरच्या चार बाया मागं. ती खणाला हात लावेना आणि माघारीही जाईना. बाया हळूच म्हणतायत, "लंके, वाहा बाई."  मी पुढं झालो.

म्हटलं, "तात्या, खण उचला. आसरांनी कुणाला नेलं नाही. तळाशी जड हवा बसते. कंदील तिच्यानंच विझत होता. तासभर पुरे असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं लिहिलं. कचरूनं कुणाचा अपमान केला म्हणून तो मेला नाही. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून मेला."

तात्या म्हणाले, "तू फुगं इकनारा. तुला काय कळतं रं हवंतलं?"

"तेव्हा कळत नव्हतं, तात्या. तेच सांगतोय."

कुणीतरी मागून शिवी दिली. एक ढेकूळ आलं, मानेला लागलं. मग दादा गर्दीतून पुढं आला, वहिनी, इतक्या दिवसांत विहिरीवर पहिल्यांदा. त्यानं खण उचलून तात्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "पत्र ह्या दगडावर बसून समद्यांनी ऐकलं हुतं. तुमीबी हुता. आता त्या बाईला नाक घासाया लावायचं तर आदी म्या घासतो." तात्या गेले. दोघं-चौघं त्यांच्याबरोबर गेले. बाकीचे उभे राहिले. आसरांवरचा विश्वास काही एका दिवसात जायचा नाही, पण खण वाहिला गेला नाही. लंकाबाई माझ्याकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात गेलो. ती चुलीपुढं होती. पोरगी मला बघून आत पळाली. मी उंबऱ्याबाहेर उभा.  शेवटी सरांचं बोलणं सांगायला लागलो, की कण कसे असतात, दाटी कशी असते, का तो वर येऊ शकला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "दुकलं असंल का त्येला?"

म्हटलं, "सर म्हणतात, झोप यावी तसं येतं. लवकर."

ती भाकरी उलटत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी तुज्या आयनं हंबरडा फोडला त्यो वस्तीपत्तूर ऐकू आला. म्या हातातलं टाकून पळाले. तुज्या दारात बसले. तुजी आय माज्या खांद्यावर डोकं ठिवून रडत हुती, आन् मीबी रडत हुते. दुपारपासून सांजपत्तूर. म्हनत हुते, असं कसं तरनंताठं पोर गेलं गं. बाया पानी देत हुत्या ते म्या घेतलं न्हाई."

तिनं भाकरी तव्यावरून काढली, टोपलीत ठेवली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"माजा मानूस तवा खाली हुता. आन् म्या तुज्यासाठी रडत हुते, गोरक्षा."

गोरक्ष